वेबसाईटची झाडझूड

३ डिसेंबर, बुधवार. दुपार.

सगळ्यात आधी शोभा टपकली. पाहुणे अकराचे, ही पावणेदहालेच दारात. म्हणे साखर संपली वं इंदूबाई. वाटी आणली नव्हती. साखर काय मुठीत नेणार होती? तांडापेठेत कोणाच्या दारी पुण्याची गाडी थांबणार असली का हिची साखर संपतेच.

पाहुणे चांगले निघाले. नवराबायको. तो स्वानंद, ती मयुरा. साड्यांचं दुकान आहे पण दुकानात गिऱ्हाईक येत नाही म्हणे, सगळं मोबाईलवर. मी म्हटलं मग दुकान काहून ठेवलं? हसले दोघंही. माझा भूपेश मागावर बसला होता, करवतीची साडी लावलेली. तीन धोटे चालतात तिले, मधलं अंग एका धोट्यानं, दोन्ही बाजूचे काठ दोन धोट्यांनी. काठाचे करवतीसारखे दाते साडीच्या अंगात घुसतात त्या जागी मयुराबाईनं बोट ठेवलं ते काढेच ना. तेवढ्यात शोभा मधी तोंड घालते, आमच्याकडेही होता म्हणे माग. होता! मोडून त्याचा दिवाण केला ते नाही सांगितलं.

तर मुद्दा. चाळीस साड्या पाहिजे त्यायले. पण त्यायचं गिऱ्हाईक घरबसल्या अंगाचा रंग, काठ, पदर स्वतः निवडणार, आणि ते आपल्या विणकर संस्थेच्या वेबसाईटवर झालं पाहिजे. आता पाहा, माझ्या नातीनं, भूपेशच्या प्रणालीनं, नेमकं असंच बनवून ठेवलं आहे! रंगावर बोट ठेवलं का साडी त्या रंगाची होते. एकटीनं बनवलं, घरी बसून. पण ते तिच्या लॅपटॉपवर वेगळं चालते. संस्थेची वेबसाईट वेगळी, ती आपल्या नागपुरातल्याच सदर भागातल्या पियुषनं केलेली. दोन्ही जोडायचं आहे. पाहुणे १२ तारखेले परत येऊन राहिले. साईटवर साडी दिसली तर ऑर्डर.

ऑर्डर आली तर भूपेश बुटीबोरीले जात नाही. तिथल्या कपड्याच्या कंपनीचं पत्र आलं आहे, १ जानेवारीले रुजू व्हा, मशीनवर. म्हणे आई, ऑर्डर आली तर मी हे पत्र तुह्यासमोर फाडतो.

नऊ दिवस आहेत. नऊ दिवसांत मी अख्खी साडी उतरवत होती. हे तर नुसतं जोडायचं आहे.

४ डिसेंबर, गुरुवार.

पियुष आला. दाढी भरपूर. अक्कल शोधून राहिली मी, अजून दिसली नाही.

म्हणे आजी, संस्थेची साईट रेडिमेड सिस्टीमवर आहे, ज्याले काहीच येत नाही तोही तिच्यात मजकूर लिहू शकते, फोटो टाकू शकते. हे बोलताना माझ्याकडंच पाहून राहिला होता. आणि प्रणालीचं ॲप म्हणजे हातानं बनवलेलं, ते रेडिमेडात बसवणं कठीण. मी म्हटलं बावा, रेडिमेड झंपराले हातमागाचा काठ आम्ही कधीपासून लावून राहिलो, तुले काय कठीण आहे? चहा प्यायला त्यानं. दुसरं काय करणार.

मग दोघांचं दोन तास इंग्रजीत भांडण. प्लगिन, सर्व्हर, कॅश. पोट्टी कशी टणाटण बोलून राहिली होती! तो एक बोलला का ही चार. एक शब्द समजला नाही मले, पण ऊर भरून आला. तिच्या आजोबांसमोर मी अशी एकदाच बोलली होती, ते आठ दिवस जेवले नाही नीट.

ठरलं असं. ॲप पियुषच्या साईटच्या एका पानात बसवायचं, आणि करवतीची माहिती त्याच पानात मी टाकायची. सेक्रेटरी मधुकरराव स्वतः म्हणाले का इंदूबाईइतकं करवतीचं कोणाले समजत नाही. (दाराबाहेर गेल्यावर म्हणाले, म्हातारीले काहीतरी काम पाहिजे ना. कान शाबूत आहेत माझे.) मले पासवर्ड भेटला. मी एडिटर झाली. शिक्षण चौथी, पाचवीत बसायच्या वर्षी मागावर बसली. पण मोबाईलमध्ये बोललं का तोच लिहिते. शोभाले सांगून आली का संस्थेची साईट आता माझ्या हाताखाली आहे.

प्रणाली म्हणे आजी, साईटवर जे जे बदलशील ते वहीत लिहून ठेव हं. ही वही माझ्या मनाची आहे. हिच्यात कामाचं कशाले?

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी.

जुळलं!! साईट उघडली तर पानाच्या मधोमध साडी. हिरव्यावर बोट ठेवलं, हिरवी. जांभळ्यावर ठेवलं, जांभळी. नातीची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. शोभाले बोलावून दाखवलं. म्हणे रंग जरा भडकच आहेत. जळते.

भूपेशनं पत्र फाडलं नाही अजून. १२ तारीख होऊ दे म्हणे. धीर म्हणून नाहीच या घरात कोणाले.

त्याच दिवशी, साडेचार.

चार वाजता कामाले बसली. करवतीचे दाते, नागफणी, बारीक दाना, काठाच्या साऱ्या नक्ष्या बोलली. मोबाईलनं नागफणीचं नागपूर केलं, ते राहू दिलं, गावाचं नाव आहे.

मग पान नीट पाहिलं. आतून. बाहेरून जग पाहते, एडिटरले पान आतून दिसते, साडी उलटी केल्यासारखं. तर काय! माझ्या दोन परिच्छेदांच्या बरोबर मधी एक घाणेरडी ओळ. चौकोनी कंस, इंग्रजी अक्षरं, आडवी रेघ, आकडा, परत कंस. ना अर्थ ना रूप. पियुषचा राहिलेला कचरा, दुसरं काय? मागावरून कापड उतरलं का उलटं करायचं, लोंबता दोरा दिसला का तोडायचा, पन्नास वर्षं हेच केलं. तोडली. सेव्ह केलं. आता पान कसं लख्ख.

६ डिसेंबर, शनिवार.

साडी गायब! सकाळी प्रणालीनं साईट उघडली तर माझी माहिती जागच्या जागी आणि मधी कोरं. पोट्टीचा चेहरा उतरला. पियुषले फोन. तो म्हणे तुझ्याच ॲपमध्ये लोचा. ही म्हणे तुझीच साईट भंगार. मी मागून मोठ्यानं म्हटलं, त्याचीच आहे!

प्रणालीनं विचारलं, आजी तू काही बदललं का? मी म्हटलं नाही. खरं आहे ते. झाडझूड केली फक्त, झाडलेलं काय कोणी सांगत बसते का?

बारापर्यंत तिनं परत जुळवलं. साडी आली. चार वाजता मी बसली तर तीच घाण ओळ परत हजर! म्हणजे पियुष मुद्दाम टाकून राहिला. सदरच्या ऑफिसात एसीत बसून आमच्या पानावर कचरा फेकते. काढली. त्याले काही बोलली नाही, लेकराची इज्जत असते. पण डोक्यात आहे माझ्या.

ठराव: उद्यापासून दोनदा पाहायचं. सकाळी अन् चारले.

८ डिसेंबर, सोमवार.

काल साडी दोनदा आली, दोनदा गेली. आज एकदा. संतापानं डोकं भणभणून राहिलं.

अधिवेशन सुरू झालं. रस्ते बंद, पोलीसच पोलीस. पियुष म्हणे आजी मी सदरवरून निघूच शकत नाही. साऱ्या महाराष्ट्राचे मंत्री नागपुरात येऊ शकतात, याले सदरवरून तांडापेठेत येता येत नाही! फोनवर घेतलं त्याले. म्हटलं, पियुष, तुह्या साईटीत टिकाऊपणा नाही. आम्ही विणलेलं लुगडं वीस वर्षं दगडावर आपटलं तरी काठ सुटत नव्हता, तुहं जोडलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणे आजी, तुम्ही यात नका पडू. मी नको पडू! एडिटर कोण आहे?

प्रणालीनं पाच गोष्टी बदलून पाहिल्या. काहीतरी काढलं, काहीतरी जुनं टाकलं. जेवली नाही. मी तिच्या तोंडात घास कोंबून राहिली होती आणि ती स्क्रीनकडं पाहून चावून राहिली होती. इतकी हुशार पोट्टी, आणि नशिबाले पियुष.

चार वाजता पाहते तर आता दोन ओळी! आधी एक होती, आता दोन, एकाखाली एक. निर्लज्ज. दोन्ही काढल्या.

९ डिसेंबर, मंगळवार.

ही नजर आहे. शोभाची. ५ तारखेले रंग भडक म्हणाली तेव्हापासून सुरू झालं. लॅपटॉपले लिंबू-मिरची बांधली. प्रणाली ओरडली, आजी बॅटरीवर रस पडन. मागच्या बाजूले बांधली मग.

आज पोट्टी रडली. माझ्यासमोर नाही, मोरीत नळ सोडून. बाहेर आली तर म्हणे आजी, माझंच काहीतरी चुकून राहिलं असन, मले येतच नाही वाटते. मी म्हटलं, खबरदार! जिनं रंगावर बोट ठेवून साडी बदलवली तिले येत नाही, तर काय त्या दाढीले येते?

भूपेश आज कंपनीच्या डॉक्टरकडं जाऊन आला. नुसतं वजन-उंची म्हणे, सगळ्यायचंच करतात. माग दिवसभर बंद. घर कसं मुकं वाटलं. मी म्हटलं काहून गेला गा, १२ तारीख गेली का? म्हणे आई, साईट रोज बंद पडते ते मलेही दिसते.

ठराव: आता हे काम मी हातात घेतलं. या पोरांच्या भरवशावर नाही. साफसफाई दिवसातून तीनदा. आणि उद्या सदर.

१० डिसेंबर, बुधवार.

गेली सदरले. ऑटोवाल्यानं अधिवेशनामुळं सारं नागपूर फिरवलं. पियुषचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चढली. दहा पोट्टे-पोट्ट्या कानात बोंडं घालून बसलेले. पियुष कोण म्हणून उभ्या उभ्या हाक मारली तर सगळ्यायनं बोंडं काढली. बरं झालं.

सगळ्यायसमोर बोलली. म्हटलं, तुह्या घरी आई आहे का? तिले सांग जाऊन का तांडापेठेतल्या एका घरचा माग तुह्यामुळं बंद होऊन राहिला. एक पोट्टी पाणी घेऊन आली. धनश्री नाव. तिले म्हटलं बाई, तू चांगली आहेस, दुसरी नोकरी पाह्य.

पियुष लाल झाला. पण आवाज नाही चढवला, ते एक आहे. स्क्रीन माझ्याकडं फिरवली. म्हणे आजी, पाहा, या घडीले चालून राहिली का नाही? खरंच चालून राहिली होती. मोठ्या स्क्रीनवर साडी, काय दिसून राहिली होती! म्हणे सकाळी प्रणालीनं लावली ती आतापर्यंत आहे, मले समजतच नाही का दुपारनंतर काय होते. मी म्हटलं तुले नाही समजणार. मी खाली उतरेपर्यंत नीट ठेव म्हणजे झालं.

बोलल्याचा असा परिणाम असतो. घरी आली तर घरच्या लॅपटॉपवरही साडी! भूपेशले ओढून दाखवलं. तो पहिल्यांदा हसला आठ दिवसांत. मागावर जाऊन बसला, खटखट सुरू झाली. जीव थंड झाला माझा.

पाय दुखून राहिले होते तरी चारले बसलीच. कचरा होताच. काढला. काम म्हणजे काम.

११ डिसेंबर, गुरुवार.

लिहायची इच्छा नाही. साडी आजही लावली अन् आजही गेली. पियुष म्हणते आता तो रात्रंदिवस पहारा ठेवणार. ठेव बावा. प्रणाली म्हणते उद्या सकाळी शेवटचं लावते आणि कोणी श्वासही घ्यायचा नाही. मधुकरराव येऊन म्हणाले, नाही जमत तर पाहुण्यायले तसं कळवू. मी म्हटलं, मधुकरराव, तुम्ही सेक्रेटरी नाही, तुम्ही पनवती आहात. चहा न घेता गेले.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी साडेदहा.

लागली! नवाले लावली, अजून आहे. पियुष स्वतः येऊन बसला आहे, दाढी विंचरून. प्रणालीनं नवा ड्रेस घातला. भूपेशनं मागाची धूळ पुसली, खाली उतरून पाय सोडायचा खड्डाही झाडला. वडाभात टाकला आहे. शोभा आली, आज वाटी घेऊन आली.

अकराले पाहुणे. तोवर एक नजर टाकून घेते पानावर. पाहुणे यायच्या आधी कोणती बाई समोरच्या खोलीत कचरा राहू देते?

त्याच दिवशी, तीन वाजता.

पाहुणे आले. बसले. मयुराबाईनं आपल्या मोबाईलवर साईट उघडली. वरती संस्थेचं नाव. मग माझी माहिती. मग कोरं. मग परत माझी माहिती.

म्हणे माहिती किती सुंदर आहे! मी म्हटलं माझी आहे.

स्वानंदनं घड्याळ पाहिलं. प्रणालीच्या तोंडावरचा रंगच गेला. पियुष म्हणे, अशक्य आहे, मी दहा वाजता पाहिली, कोणीतरी हात लावला. ही म्हणे कोण लावणार? तो म्हणे तुझ्या कोडनंच. परत सुरू झालं, पाहुण्यायसमोर. मी उठली होती त्या पियुषले शेवटचं सुनवायले.

तेवढ्यात मयुराबाई म्हणे, आमची साईटही ह्याच सिस्टीमवर आहे, त्यात यादी राहते ना, पानात कोणी कधी काय बदललं त्याची? आमचे हे दोघं एवढे शिकलेले, एकानंही पाहिलं नव्हतं. पियुष म्हणे आम्ही कोड पाहून राहिलो होतो. उघडली यादी.

वाचली शोभानं. तिले कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या खांद्यावरून वाकून, मोठ्यानं. इंदूबाई, आज दहा चाळीस. इंदूबाई, काल चार दहा. इंदूबाई, परवा चार पाच. इंदूबाई. इंदूबाई. वं माय, म्हणे, हे तर खालपर्यंत तुह्यंच नाव आहे! चौदा वेळा. मी मोजले नाही, तिनं मोजले.

ती ओळच ॲप होती. म्हणजे त्या ओळीनंच साईटीले समजत होतं का साडी इथं बसवायची. प्रणाली दर वेळी सगळं उपटून नव्यानं लावत होती, त्यात ही ओळही नव्यानं पडत होती, म्हणून गेलेली तिच्या ध्यानातच आली नाही. प्रणालीनं ती परत लिहिली, एक मिनिट नाही लागलं, साडी आली. हिरवी. कोणीच बोट ठेवलं नाही तिच्यावर.

पियुषनं उठून मले पाण्याचा गिलास आणून दिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पण ती दिसतच होती कचऱ्यासारखी. स्वानंद म्हणे आजी, साडी फारच छान दिसते, पण आठवडाभर रोज बंद पडत होती हे आम्हीही पाहत होतो पुण्यावरून. आमच्या गिऱ्हाइकांना कोरं पान दिसून चालणार नाही. तीन आठवडे न थांबता चालू द्या, मग येतो, बोलू. भूपेशनं विचारलं, एक तारखेच्या आधी नाही जमणार का? म्हणे लग्नसराई आहे हो, शक्यच नाही.

वडाभात कोणी जास्त खाल्ला नाही.

१४ डिसेंबर, रविवार.

पासवर्ड बदलला पियुषनं. त्याचं बरोबर आहे. म्हणे आजी, तुम्ही माहिती फोनवर सांगत जा, प्रणाली टाकत जाईन, तुम्ही नुसतं पाहा. पाहते. चार वाजता उघडते, साडी जागच्या जागी राहते. दोन दिवस झाले.

प्रणाली काल जवळ येऊन बसली, माझ्या हातावर हात ठेवला, मोबाईल पाहत राहिली. तिले आता माहीत झालं का तिले येते. एवढं तरी झालं.

भूपेश जेवून उठला, हात धुतला, तेव्हा म्हणे, आई, काठ अन् अंग जिथं जुळते तिथला दोरा तू कधी कोणाले तोडू दिला का वं? मी म्हटलं नाही. म्हणे हव. आणि डब्बा पाहायले गेला, तीन खणांचा पाहिजे म्हणते कंपनीसाठी.

पाहुणे ४ जानेवारीले परत येतो म्हणाले. नक्की. कॅलेंडरवर गोल केला मी. रविवार आहे तो. कंपनीले सुट्टी राहते रविवारी, म्हणजे भूपेश मागावर बसलेला दिसन त्यायले.